परराज्यातली खरेदी आणि बिलावरचे पहिले दोन आकडे

वाचकांचे प्रश्न

परराज्यातून माल आणला की कर कुठे आणि किती भरायचा, यावर या वेळी बरीच पत्रं आली. दिवाळीच्या खरेदीत अनेकांच्या हाती वेगवेगळ्या राज्यांची बिलं आली, हे त्याचं एक कारण दिसतं. पत्रं नावाशिवाय आणि थोडक्यात दिली आहेत. उत्तरांतले दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले आहेत.

पुण्याला मुलाकडे गेलो असताना तिथल्या दुकानातून लॅपटॉप घेतला. दुकानदाराने पत्ता विचारला, मी इंदूरचा दिला. बिलात ५०,००० रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ९,००० लावले आहेत. सूनबाईंनी त्याच दुकानातून प्रिंटर घेतला, तिच्या बिलात मात्र ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. आम्ही बाहेरचे म्हणून जास्त घेतलं का? आणि इंदूरला आणल्यावर इथे पुन्हा काही भरायचं का? — टिळकनगर, इंदूर

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. नऊ अधिक नऊ अठराच होतात. सूनबाईंच्या बिलातला निम्मा कर (सीजीएसटी) केंद्राकडे गेला आणि निम्मा (एसजीएसटी) महाराष्ट्राकडे. तुमच्या ९,००० पैकी निम्मा केंद्राकडे राहील आणि राज्याच्या वाट्याचे ४,५०० मध्य प्रदेशाला मिळतील, कारण लॅपटॉप वापरला जाणार आहे इथे. जीएसटीचं मूळ तत्त्वच हे आहे: वस्तू जिथे वापरायची, कर त्या राज्याचा. आयजीएसटी हा वेगळा, जादा कर नाही. दोन राज्यांमधल्या व्यवहारात तोच कर केंद्र एकत्र गोळा करतं आणि मग वाटून देतं.

दुकानदाराने पत्ता विचारला ते बरोबरच केलं. जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे: बिलावर ज्या राज्याचा पत्ता, तिथे विक्री झाली असं धरायचं. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असंच मानतात. पत्ता लिहिलाच नसेल तर दुकान असेल त्या राज्यातली विक्री. कराशिवायची किंमत ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ग्राहकाचं नाव-पत्ता बिलावर लागतोच, आणि तुमचं बिल नेमकं त्या रेषेवर आहे.

इथे आणल्यावर काही भरायचं नाही. ज्येष्ठ वाचकांच्या मनात ही धास्ती अजून आहे आणि तिला कारणही आहे. १ जुलै २०१७ च्या आधी १९५६ च्या कायद्याप्रमाणे केंद्रीय विक्रीकर विकणाऱ्या राज्यातच राहत असे आणि इकडे माल आत आणताना प्रवेशकर वेगळा. ती व्यवस्था जीएसटीबरोबर गेली.

बडोद्याच्या बहिणीला ऑनलाइन मिक्सर पाठवला. पैसे मी भरले, बिलाचा पत्ता माझा इंदूरचा, पार्सल गेलं बडोद्याला. बिलावर ‘पुरवठ्याचं ठिकाण: गुजरात’ असं आलं आहे. ही चूक दुरुस्त करून घ्यावी का? — सुदामानगर

चूक नाही, राहू द्या. पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे विक्री ज्या राज्यात झाली असं कायदा धरतो ते. बिलाचा पत्ता आणि माल पोचवायचा पत्ता वेगवेगळा असेल तर साध्या ग्राहकासाठी माल पोचवायचा पत्ता धरायचा, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२४ च्या परिपत्रकात केला आहे. मात्र हाच मिक्सर दुकानाचा जीएसटी क्रमांक घालून मागवला असता तर पुरवठ्याचं ठिकाण मध्य प्रदेश आलं असतं. तरीही त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या कराच्या देण्यातून वजा करायची सोय) मिळालं नसतं, कारण भेट दिलेल्या वस्तूंवर क्रेडिट नाही.

सीतलामाता बाजारात साड्यांचं दुकान आहे. सुरतेला स्वतः जाऊन १,२०,००० चा माल निवडला, पैसे तिथेच दिले. जीएसटी क्रमांकही दिला. बिलात मात्र त्यांनी सीजीएसटी ३,००० आणि एसजीएसटी ३,००० लावले. व्यापारी म्हणतो, ‘माल आमच्या दुकानातून तुम्ही उचललात, म्हणून विक्री गुजरातची. कर तर तेवढाच आहे.’ आमचे मुनीम म्हणतात क्रेडिट मिळणार नाही. कोण बरोबर? — एम. टी. क्लॉथ मार्केटजवळ

तुमचे मुनीम बरोबर आहेत, आणि हे ६,००० रुपयांचं प्रकरण असल्याने जरा सविस्तर सांगतो.

आधी बिल हातात घ्या. विकणाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २४ असतील, म्हणजे गुजरात. तुमच्या क्रमांकाचे २३, म्हणजे मध्य प्रदेश. (महाराष्ट्र २७, राजस्थान ०८, उत्तर प्रदेश ०९, दिल्ली ०७.) त्यानंतरची दहा अक्षरं त्या व्यापाऱ्याचा पॅन असतात. आता ‘पुरवठ्याचं ठिकाण’ ही ओळ शोधा. तिथे २३ हवं आणि खाली एकच कर हवा: आयजीएसटी ५ टक्के, ६,०००. तुमच्या बिलावर तिथे २४ छापलेलं असणार.

कायद्यातले शब्द स्पष्ट आहेत. माल विकणाऱ्याने हलवला, घेणाऱ्याने हलवला किंवा तिसऱ्या कुणी हलवला, तरी घेणाऱ्याकडे पोचवण्यासाठीचा त्याचा प्रवास जिथे संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण. बरेच विक्रेते समोरासमोरच्या विक्रीत अडचण नको म्हणून सरसकट स्थानिक कर लावतात. साध्या ग्राहकाचं त्याने काही बिघडत नाही. दुकानदाराचं बिघडतं, आणि ते असं.

समजा ह्याच साड्या तुम्ही इंदूरला १,५०,००० ला विकल्या. त्यावर कर ७,५००: सीजीएसटी ३,७५० आणि एसजीएसटी ३,७५०. बिल बरोबर असतं तर तुमच्या खात्यात आयजीएसटीचं ६,००० क्रेडिट असतं. हे क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्यात वापरायचं. तसं देणं नसेल तर उरलेलं सीजीएसटी आणि एसजीएसटीत तुम्हाला हवं तसं वाटता येतं. सीजीएसटीचे ३,७५० पूर्ण फेडले, उरलेले २,२५० एसजीएसटीत घातले, की रोखीने भरायचे फक्त १,५०० राहतात. आत्ताच्या बिलावर तुम्हाला पूर्ण ७,५०० रोख भरावे लागतील, कारण गुजरातचा सीजीएसटी-एसजीएसटी मध्य प्रदेशच्या नोंदणीवर चालत नाही. विकणारा आणि पुरवठ्याचं ठिकाण एकाच राज्यात, घेणारा दुसऱ्या राज्यात, असं बिल दिसलं की जीएसटीचं पोर्टलच जीएसटीआर-२बी मध्ये (तुमच्या खरेदीवरच्या क्रेडिटच्या मासिक पत्रकात) ते ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या तक्त्यात टाकतं. म्हणून ‘कर तेवढाच आहे’ हे त्यांच्यापुरतं खरं, तुमच्यापुरतं नाही.

दुरुस्तीचा सरळ मार्ग म्हणजे व्यापाऱ्याने जुन्या बिलाची पूर्ण रकमेची क्रेडिट नोट (ते बिल वजा करणारी चिठ्ठी) काढायची आणि आयजीएसटीचं नवं बिल द्यायचं. क्रेडिट नोटेमुळे त्याचं गुजरातचं देणं तेवढं कमी होतं, त्याच्या खिशातून जादा काही जात नाही. तो म्हणाला की कर तर जमा झाला, आता दोनदा का भरू, तर त्याला सीजीएसटी कायद्याचं कलम ७७ आणि आयजीएसटी कायद्याचं कलम १९ दाखवा. चुकीच्या खात्यात भरलेला कर योग्य खात्यात भरल्यापासून दोन वर्षांच्या आत परत मागता येतो आणि उशिराचं व्याज लागत नाही. तुमच्यासाठी कडेची तारीख म्हणजे ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तो दिवस. त्यानंतर त्या वर्षाच्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. एवढी वाट मात्र पाहू नका. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होतं, त्यात नवं बिल आलं की नाही ते तपासा आणि नाही आलं तर त्याच दिवशी सुरतेला फोन करा.

यापुढे एक सवय लावून घ्या. पैसे देण्याआधी कच्चं बिल मागा, ‘माल इंदूरला जाणार’ हे बिलावर लिहून घ्या, आणि आयजीएसटी दिसल्यावरच पक्कं करायला सांगा. छापलेलं बिल बदलायला कुणीच खुशीने तयार नसतं.

सुरतेहून आणलेल्या साड्यांच्या मालाचं ई-वे बिल कुणी काढायचं? ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, पन्नास हजारांच्या आत असेल तर लागत नाही, म्हणून बिलं लहान करून आणा. — शिवाजी मार्केट

ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना सोबत लागणारा, ऑनलाइन काढायचा कागद. मर्यादा ५०,००० ची आहे हे खरं, पण ती कर धरून मोजतात. ४८,००० च्या साड्यांवर २,४०० कर चढला की रक्कम ५०,४०० होते आणि ई-वे बिल लागतं. इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. एकच माल मुद्दाम तोडून दोन बिलं करणं धोक्याचं आहे. दोन्ही बिलं एकाच तारखेची, एकाच नावावर, एकाच गाडीत सापडली तर अधिकाऱ्याला सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही.

काढतो बहुधा विकणारा. त्याने नाही काढलं तर घेणारा काढू शकतो, किंवा ट्रान्सपोर्टवाला. भाग ‘अ’ मध्ये बिलाचा तपशील आणि भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर. भाग ‘ब’ भरला की मुदत सुरू होते: दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. सुरत ते इंदूर अंतर ४०० च्या वर आणि ६०० च्या आत, म्हणून तीन दिवस. दिवस कसा मोजायचा ते लक्षात ठेवा: सोमवारी संध्याकाळी सात वाजता काढलं तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो, तिसरा गुरुवारी मध्यरात्री. गाडी बिघडली, घाटात अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. त्यानंतर नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती धुळ्यासारख्या ठिकाणी माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवताना. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) तीच राहते, गाडी बदलते आणि भाग ‘ब’ मध्ये जुनाच नंबर राहतो. ही किरकोळ चूक मानली जात नाही. माल अडकला आणि मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे ६,००० कराच्या मालावर १२,०००. गाडीच्या नंबरातले एक-दोन आकडे टंकताना चुकले असतील किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये गडबड असेल, तर मात्र सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे १,००० रुपयांवर सुटका होते. अधिकाऱ्याने तरीही मोठा दंड सांगितला तर त्या परिपत्रकाचा क्रमांक ६४ आहे, तो सांगा.

घरी गोडा मसाला, चिवडा आणि पापड करून विकते. वर्षाची विक्री सहा लाखांच्या आसपास. निम्मा माल कुरियरने पुण्या-मुंबईला जातो. ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही असं सगळे सांगतात, म्हणून घेतलेली नाही. बरोबर ना? — लोकमान्यनगर

ताई, ४० लाखांची सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांसाठी आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. पापडावर कर शून्य आहे. फक्त पापडच विकत असता तर नोंदणीची गरज नव्हती. मसाला आणि चिवडा दोन्ही ५ टक्क्यांत येतात, त्यामुळे तुम्हाला ती घ्यावी लागेल. कंपोझिशनची सोपी योजनाही (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायची) चालणार नाही, कारण त्या योजनेत परराज्यात माल विकायला बंदी आहे. मोठ्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणीशिवाय विकायची मुभा मिळाली आहे, तीही राज्याच्या आतच.

घाबरण्यासारखं यात फारसं नाही आणि उशीर करण्यात नुकसान आहे. उद्या विचारणा झाली तर मागचा कर, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि दंड १०,००० किंवा बुडालेला कर यांतली मोठी रक्कम, असं सगळं एकदम येतं.

नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, मोबाइलशी जोडलेलं आधार, फोटो आणि घराचं वीज बिल लागतं. वीज बिल सासूबाईंच्या किंवा यजमानांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. घरगुती धंद्याचे अर्ज बहुतेक वेळा या एका कागदावरच अडतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या व्यावसायिकांसाठी तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी देणारा पर्याय सुरू झाला आहे, अर्जात तो निवडा. नोंदणी मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत, आणि पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरण्याआधीच, बँक खातं जोडा, नाहीतर ती स्थगित होते.

पुढचा हिशेब असा. चिवडा ४०० रुपये किलो हाच भाव ठेवायचा असेल तर ४०० ला १०५ ने भागून १०० ने गुणा: मूळ किंमत ३८०.९५, कर १९.०५. समजा महिन्याला पुण्या-मुंबईला कराशिवाय ४०,००० चा मसाला-चिवडा गेला. आयजीएसटी २,०००. कुरियरचे ४,००० झाले आणि त्यावर १८ टक्क्यांनी ७२० कर दिला, तर हे ७२० तुम्हाला वळते मिळतात आणि भरायचे १,२८० उरतात. त्यासाठी कुरियरच्या पावतीवर तुमचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे. काउंटरवर दर वेळी सांगण्यापेक्षा त्यांच्याकडे महिन्याचं खातं उघडा. त्याच पार्सलातून पापडही जात असतील तर कुरियरच्या करातला पापडाच्या वाट्याचा भाग सोडावा लागतो, म्हणून पापडांची विक्री वहीत वेगळी लिहा. विवरणात प्रत्येक गिऱ्हाईक लिहायचं नसतं. एक लाखापर्यंतची परराज्यातली किरकोळ बिलं राज्यवार एकत्र दाखवता येतात: महाराष्ट्र, ५ टक्के, अमुक रक्कम. तिमाहीचा पर्याय घेतलात तर जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं विवरण) मध्य प्रदेशात २२ तारखेपर्यंत. मधल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत भरावा लागतो, आणि नेमकं हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही.

व्यवसायासाठी बडोद्याला दोन दिवस राहिलो. हॉटेलच्या बिलावर आमचा इंदूरचा जीएसटी क्रमांक छापला आहे, तरी क्रेडिट येत नाही. — पलासिया

येणारही नाही. खोलीच्या भाड्याचं ठिकाण इमारत जिथे उभी आहे तेच असतं, म्हणून कर गुजरातचा. तो खर्चात धरा. त्याच प्रवासाच्या विमान तिकिटावर मात्र क्रमांक जरूर घाला. प्रवासी वाहतुकीत नोंदणी असलेल्या ग्राहकाचं राज्य धरलं जातं, त्यामुळे तिथे क्रेडिट मिळू शकतं.

बडोद्याला गाडी स्वस्त पडते असं ऐकतो. तिथून नवी कार घेऊन यावी का? — राजेंद्रनगर

जीएसटी देशभर एकच आहे. ठरावीक मापाच्या लहान गाड्यांवर १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४०. फरक पडतो तो डीलरच्या सवलतीत आणि राज्याच्या रोड टॅक्समध्ये. रोड टॅक्स तुम्ही राहता तिथला लागतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गाडीची नोंदणी मालकाच्या राहण्याच्या किंवा धंद्याच्या ठिकाणीच करायची असते. मग बडोद्याहून तात्पुरता नंबर घेऊन यायचं, इथल्या आरटीओत विक्रीचा दाखला (फॉर्म २१), कंपनीचा रस्तायोग्यतेचा दाखला (फॉर्म २२), विमा आणि इथला पत्ता घेऊन उभं राहायचं. डीलरची सवलत या खटाटोपाच्या आणि साडेतीनशे किलोमीटरच्या तेलाच्या वर जात असेल तरच विचार करा.

त्यापेक्षा जवळचं पाहा. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि २०२४ पासून उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात घेतलेल्या गाड्यांना मध्य प्रदेश सरकारने रोड टॅक्समध्ये निम्मी सूट दिली आहे. ही सूट त्या त्या वर्षाच्या आदेशाने मिळते, म्हणून बुकिंगची रक्कम देण्याआधी त्या वर्षीचा आदेश आणि नोंदणी कुठल्या आरटीओत करावी लागेल, हे डीलरकडून लेखी घ्या. मेळ्याच्या तारखेबाहेरचं बिल चालत नाही.

जुन्या फायलींत ‘सी फॉर्म’ सापडले. आता त्यांचा कुठे उपयोग होतो का? — सियागंज

सी फॉर्म म्हणजे परराज्यातून कमी दराच्या केंद्रीय विक्रीकरावर माल घेण्यासाठीचा दाखला. किराणा मालाला आता त्याचा उपयोग नाही. केंद्रीय विक्रीकराचा कायदा आता कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन आणि पिण्याचं मद्य एवढ्यापुरताच उरला आहे, कारण हे सहा पदार्थ जीएसटीच्या बाहेर आहेत. जुन्या वर्षांची करआकारणी किंवा अपील अजून चालू असेल तर मात्र त्या फायली सांभाळा.

बडोद्याची नोकरी संपली, घरातलं सगळं सामान ट्रकने इंदूरला आणायचं आहे. फ्रिज, कपाटं, भांडी, सगळं जुनं. कर, ई-वे बिल? — बडोद्याहून एक वाचक

दोन्ही नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे आणि विक्रीच झालेली नसल्याने करही नाही. ट्रकवाल्याकडे तीन कागद द्या: सामानाची हाताने लिहिलेली यादी, त्यावर ‘स्वतःचं वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ असं वाक्य आणि तुमची सही, आधारची प्रत, आणि घर सोडल्याचा किंवा बदलीचा कागद. निघण्याआधी नवा टीव्ही किंवा वॉशिंग मशीन घेतलं असेल आणि ते अजून खोक्यात असेल, तर त्याचं बिल यादीला टाचून ठेवा. रस्त्यात हटकतात ते बंद खोकी पाहूनच.